फाडलेल्या नऊ गोष्टी

विज्ञानकथा लिहिणारा एक माणूस आपल्यात राहतो, हे आमच्या सेक्टरला तो वारल्यावर कळलं. मला ते आधीपासून माहीत होतं, पण त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही, त्यांना तर नाहीच.

सकाळी दूध घेऊन वर येताना सोसायटीच्या काळ्या फळ्याकडे लक्ष गेलं. 'उद्या पाणी येणार नाही' या सूचनेच्या खाली, त्याच खडूने आणि त्याच अक्षरात, समोरच्या इमारतीतल्या 'सुप्रसिद्ध साहित्यिक व थोर शास्त्रज्ञ' यांचं दुःखद निधन झाल्याचं लिहिलं होतं. फळा लिहिणारे आमचे सेक्रेटरी कुणालाही साधं मरू देत नसत. तळमजल्यावरचे विमा एजंट गेले तेव्हा ते 'थोर समाजसेवक' झाले होते. मी दुधाच्या पिशव्या हातात धरून तिथेच उभी राहिले. पिशव्यांचं पाणी चपलांवर ठिबकत होतं. सेक्रेटरी मागून आले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका वहिनी, टँकर सांगितलाय."

ते शास्त्रज्ञ नव्हते. तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळा सांभाळत. बाहेरून आलेल्या मालात भेसळ किती हे शोधायचं आणि कागदावर लिहून खाली सही करायची, असं काम जन्मभर केलेला माणूस. वर्षाला एकच गोष्ट लिहायचे आणि ती दिवाळी अंकाला द्यायचे. तीही जाहिरातींनी फुगलेल्या मोठ्या अंकांना नाही. एखादे निवृत्त मुख्याध्यापक हौसेने चार-पाच वर्षं काढतात आणि मग दमतात, तसल्या अंकांना. त्यामुळे त्यांच्या गोष्टी वाचलेली माणसं थोडी, आणि लक्षात ठेवलेली त्याहून थोडी.

त्या काळात विज्ञानकथा म्हणजे बहुतेक वेळा एक दाढीवाले प्रोफेसर आणि त्यांचा पुतण्या. पुतण्या "म्हणजे काय, काका?" असं विचारी आणि काका चार पानं सांगत. नाहीतर पृथ्वीवर संकट येई आणि ते एखाद्या परिषदेत टाळ्यांच्या कडकडाटात टळे. यांच्या गोष्टींत टाळ्या नसत. मी वाचलेल्या पहिल्या गोष्टीत चंद्रावर वसाहत झालेली होती आणि पृथ्वी दिसणारी घरं कुणाला द्यायची याची सोडत निघणार होती. एक कारकून, त्याची बायको आणि म्हातारी आई. म्हातारीला पृथ्वी दिसायला हवी होती. घर मागच्या बाजूचं लागतं. एवढीच गोष्ट. शेवटी म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसते आणि म्हणते, "पलीकडेच आहे ना, मग झालं."

ती वाचली तेव्हा आम्ही परळच्या दोन खोल्या सोडून नेरूळला येऊन वर्ष होत होतं. आमचंही घर सोडतीत लागलेलं. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून परळ कुठल्या बाजूला आलं ते विचारत, आणि मी दर वेळी वेगळ्या दिशेला बोट दाखवी, कारण मलाही ते नक्की माहीत नव्हतं. त्यामुळे ती गोष्ट मला चंद्रावरची वाटलीच नाही. मी ती तीनदा वाचली. मग स्वयंपाकघरातून सुरी आणली, अंकाच्या शिवणीत घातली आणि सहा पानं काढून घेतली.

अंक माझा नव्हता, वाचनालयाचा होता.

आमचं वाचनालय मार्केटमध्ये, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या गाळ्यात होतं. मधली भिंत छतापर्यंत गेलेली नसल्यामुळे सगळ्या पुस्तकांवर पिठाचा पातळ थर असे, आणि गंभीर कादंबऱ्यांनाही ज्वारीचा वास येई. वाचनालय चालवणारे गृहस्थ पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दिवाळी अंक आले की मास्तर प्रत्येक अंकाला दाभणाने तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवत, वर खाकी कागद चढवत आणि मग शिक्के मारत. पोस्टातली सवय, दर दहा पानांनी एक शिक्का. मधल्या चित्रातल्या बाईच्या गालावरही शिक्का. अंक सभासदांमध्ये फिरायचा, एकाकडे तीन दिवस. पुढच्या दसऱ्याला मास्तर मागच्या वर्षीचे सगळे अंक रद्दीत घालत, नव्यांना जागा हवी म्हणून.

माझा युक्तिवाद या दसऱ्यावर उभा होता. शेवटी रद्दीतच जायचंय, तर मी थोडं आधी घेतलं. माझ्या मागे नंबर लावून बसलेल्या सभासदांचा विचार या युक्तिवादात कुठे बसत नव्हता, म्हणून तो मी केला नाही. मी बँकेत नोकरी करत होते. कागद कुणाचा आणि कुणाच्या ताब्यात, यातला फरक मला पगार घेऊन कळत होता. तरी पुढच्या वर्षी पुन्हा फाडली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. नऊ वर्षांत नऊ गोष्टी. पैठणीच्या रिकाम्या खोक्यात त्या मी ठेवत गेले. पैठणी सासूबाईंनी लेकीला दिली होती, खोकं मला आलं होतं.

त्या लेखकांना मी एकदाच भेटले. वाचनालयातच. मास्तर त्यांच्या कार्डावर तारीख घालत होते आणि कार्डावरचं नाव मला उलटं वाचता आलं. हेच ते, हे कळलं. बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मग मी म्हटलं, "तुमच्या गोष्टी वाचते मी. फार छान असतात."

"अरे वा. कुठली वाचलीत?"

कुठलीही सांगितली असती तरी ती कुठल्या अंकातली हे निघालं असतं, आणि मास्तर शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "सगळ्याच."

त्यांनी मान हलवली. एकही न वाचलेल्या माणसाकडे बघून सभ्य माणूस हलवतो तशी. "वाचत राहा," म्हणाले आणि गेले. त्यांच्याशी माझं झालेलं संपूर्ण संभाषण हे एवढं.

आता भविष्याबद्दल सांगायला हवं. दिवाळी अंकात विज्ञानकथा शेवटाकडे असते आणि तिच्या पाठोपाठ वार्षिक राशिभविष्य सुरू होतं. पुढे काय होणार या विषयाची दोन्ही खाती शेजारी असावीत, असं संपादकांना वाटत असावं. त्यामुळे यांच्या गोष्टीचं शेवटचं पान फाडलं की त्याच्या पाठीवर मेष, वृषभ, मिथुन, कर्क आणि सिंह जात. कन्येपासून पुढे शाबूत. नऊपैकी सहा वेळा असं झालं. सेक्टरमधल्या मेष ते सिंह राशीच्या लोकांना सहा वर्षं त्या अंकापुरतं भविष्य नव्हतं, आणि त्यांनी त्याची तक्रार केली. विज्ञानकथा नसल्याची तक्रार एकानेही केली नाही.

मास्तरांनी यावरून चोर भविष्याचा शौकीन असणार असं अनुमान काढलं. ते सगळ्यांना पटलं. कुणीतरी पानं फाडतोय, पानांवर राशी आहेत, म्हणजे त्याला राशी हव्यात. यात खोट काढता येत नाही. आणि राशींचा माणूस आमच्यात एकच होता. समोरच्या चौकातल्या बैठ्या घरात राहणारे एक काका, गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांच्या टेबलावर कायम पंचांग उघडं असे. लोकांच्या पत्रिका मांडून देत, त्याबद्दल काही घेत नसत. मास्तरांनी एका शनिवारी त्यांना चारचौघांत सांगितलं, "काका, कार्ड ठेवून जा. मी जन्म पोस्टात काढला. पाकीट बघून माणूस ओळखतो."

काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "मी फाडलेली नाहीत," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. रांगेत त्यांच्या मागे मी उभी होते.

त्यानंतर पानं फाटणं बंद झालं, आणि काकांवरचा आरोप सिद्ध झाला. माझा विवेक जागा झाला असं इथे लिहिता आलं असतं. पण खरी गोष्ट अशी की त्या दिवाळीला फाडण्यासारखं काही आलंच नाही. लेखक आजारी होते, हे मला नंतर कळलं.

शोकसभा समाजमंदिरात झाली. सेक्रेटरींनी आयोजन केलं होतं, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. टेबलावर फोटो, घरात धड फोटो न मिळाल्यामुळे कारखान्याच्या पासावरचा मोठा करून घेतलेला, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर गोल शिक्क्याची कड दिसत होती. अध्यक्ष करावे गावचे एक बिल्डर. आमच्याकडच्या निम्म्या सभांचे अध्यक्ष तेच असत, कारण खुर्च्या आणि माइक त्यांचे असत. सभा म्हटली की शाल आणि श्रीफळ आणायचं, हे मंडळाच्या मुलांना इतकं पाठ होतं की त्यांनी शोकसभेलाही आणलं. ते दिसल्यावर निवेदकाचा नाइलाज झाला आणि त्याने अध्यक्षांचा सत्कार करून टाकला. दोन-चार टाळ्याही पडल्या, मग कुणालातरी फोटोची आठवण झाली आणि त्या थांबल्या.

पहिले वक्ते म्हणाले, त्यांच्या जाण्याने विज्ञानाच्या क्षेत्रात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. दुसऱ्यांनी चौकाला नाव देण्याची सूचना केली. तिसऱ्यांनी चौक लहान पडेल म्हणून उद्यान सुचवलं. तिघांनीही एक ओळ वाचलेली नव्हती, आणि मी गोष्टी पाठ असूनही मागच्या रांगेत गप्प बसले होते. तेव्हा कुणावर हसायचं हे मला ठरवता येईना.

अध्यक्ष शेवटी बोलले. "मी त्यांचं कायपन वाचलेलं नाय," त्यांनी सुरुवात केली. "खोटं कशाला बोलू. पन ते आमच्या करावेच्या जेट्टीवर येऊन बसायचे. भरती किती वाजता, चिखलात पाय किती जातो, होडी कुठं लागते, सगलं वहीत लिवून घ्यायचे. मी एकदा बोललो, काका, खाडी विकत घेताव काय. तर बोलले, नाय रं, कुनीतरी येनार हाय तिकडनं, त्याला वाट सांगायला लागंल. मला वाटलं पावनं येनार असतील." मग ते म्हणाले, "मानूस चांगला होता," आणि बसले. त्या सभेतलं खरं वाटलेलं भाषण तेवढंच.

मग काकूंना, म्हणजे लेखकाच्या पत्नींना, दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या नाहीत. माइक त्यांच्याकडे नेला. "चौक नको आणि बागही नको," त्या म्हणाल्या. "पुण्याचे एक प्रकाशक यांच्या गोष्टींचं पुस्तक काढायला तयार आहेत. पण गोष्टी नाहीत. आलेला अंक हे कुणालाही देऊन टाकायचे, वाचा आणि पुढे द्या म्हणायचे. लिहिलेला कागद तसाच पाठवायचे, नक्कल ठेवायचे नाहीत. मी सगळ्या संपादकांना पत्रं घातली. काही अंक बंद झालेत, एकांकडे वाळवी लागली. तुमच्यात कुणाकडे एखादी असेल तर द्या. माझ्याकडे एकही नाही."

समाजमंदिरात शांतता झाली, आधी पाळलेल्या दोन मिनिटांपेक्षा बरी. तेवढ्यात मास्तर उभे राहिले. "वहिनी, आमच्या वाचनालयात सगळ्या आल्या होत्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो खरा कापत होता. "पण एका गृहस्थाने भविष्याच्या नादात त्यावर सुरी चालवली. नाव मी घेत नाही."

नाव घेण्याची गरज नव्हती. गोदीतले काका तिसऱ्या रांगेत बसले होते. सगळ्यांनी बघितलं. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, शेजारच्याला म्हणाले, "जरा वाट द्या," आणि लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर गेले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी फोटोकडे पाहत होते.

घरी आल्यावर नवऱ्याला खोकं दाखवलं. त्याला फाडण्याचं माहीत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, वरचं पान उलटून मेष रास वाचली (त्याची मेष) आणि म्हणाला, "पोस्टाने पाठव. निनावी. काकूंना गोष्टी मिळाल्या, विषय संपला."

"आणि काका?"

"काकांचं झालं ना आता. वर्ष होऊन गेलं."

मलाही थोडं तसंच वाटत होतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पानं घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. मूळ पानं पाठवली तर वाचनालयाच्या शिक्क्यांवरून सगळं निघणार. नकला पाठवलेल्या बऱ्या. दुकानदाराने पहिली नक्कल काढून बघितली. "मॅडम, शिक्का येतोय. वर कोरी पट्टी ठेवून काढू का? साफ येईल." किती सहज म्हणाला. मी नको म्हटलं आणि पानं परत घेऊन आले. शिक्का मजकुरावरच मारलेला असल्यामुळे पट्टीखाली चार शब्द गेले असते, आणि त्यांच्या गोष्टींत चार शब्द जास्तीचे नसत.

मग मी हाताने उतरवायला बसले. रविवार दुपारी, जेवणाच्या टेबलावर, फुलस्केपवर. वाचताना जे नजरेतून सुटतं ते उतरवताना सुटत नाही. मिठागरात उतरलेल्या परग्रहावरच्या पाहुण्यांना तिथला मजूर पहिलं वाक्य बोलतो ते "बांधावरून चला, मीठ तुडवू नका". ते 'चला' आदरार्थी आहे हे मला आत्ता दिसलं. दुसऱ्या एका गोष्टीत कारखान्यातलं वास ओळखणारं यंत्र एका निवृत्त कामगाराचा वास येत नाही म्हणून रोज सकाळी धोक्याची घंटा देतं, आणि साहेब ती घंटा काढून टाकतात. ती उतरवताना मला थांबावं लागलं. ही गोष्ट त्यांनी निवृत्तीच्या वर्षी लिहिली असणार. मी ती तेव्हा वाचली, आवडली, फाडली आणि खोक्यात ठेवली. दोन इमारतींच्या मध्ये एक रस्ता होता, त्यावर रहदारीही नव्हती.

तीन गोष्टी उतरवून झाल्या. काकूंना काय सांगायचं तेही मनात तयार झालं होतं: मला आवडायच्या म्हणून मी वेळोवेळी उतरवून ठेवल्या होत्या. त्यावर त्यांना काय वाटेल, हेही मला दिसलं. पुढे पुस्तक निघेल, प्रकाशन समाजमंदिरात होईल, निवेदक म्हणेल की ज्यांनी वर्षानुवर्षं स्वहस्ते हा ठेवा जतन केला. मंडळाचा मुलगा तबक घेऊन येईल. शाल माझ्या खांद्यावर पडेल आणि हातात नारळ. सेक्रेटरी फळ्यावर मला 'थोर' काहीतरी करून टाकतील. आणि काका बहुधा घरीच असतील.

नारळ हातात घेतलेली मी मला इतकी स्वच्छ दिसली की पेनाला टोपण लावलं. निनावी पाकीट मला कदाचित जमलं असतं. सत्कार जमला नसता.

मी मूळ पानं खोक्यासकट काकूंकडे नेली. त्यांनी दार उघडलं, मी बसले आणि सगळं सांगितलं, सुरीपासून. त्यांनी खोकं उघडलं, पानं एकेक करून बघितली, चंद्रावरच्या गोष्टीचं पान डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाल्या, "हे असायला हवे होते. यांचं लिहिलेलं कुणी चोरलं म्हटल्यावर आठवडाभर कॉलर ताठ करून फिरले असते. लोक फुकट दिलेलं नेत नव्हते."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. त्यांनी खोक्यावर झाकण ठेवलं. "माझं काम झालं," त्या म्हणाल्या. "पण सभेतून उठून गेले ते गृहस्थ, ते तुमच्या जागी गेले ना? त्यांचं बघा."

काका घरी होते. पंचांग उघडं होतंच. मी दारातच उभी राहून सांगितलं, कारण बसा म्हणाले नव्हते. ऐकून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "दिवाळी अंकातलं भविष्य मी वाचेन, असं लोकांना वाटलं कसं?"

मी पंचांगाकडे पाहिलं.

"अहो, ते कुणीही लिहितं. अंकाची चार पानं उरली की संपादक स्वतः लिहितो. मेषेला प्रवासयोग, वृषभेला पोटाचे विकार. जन्मवेळ नाही, अक्षांश नाही. मी चाळीस वर्षं गणित मांडतोय. त्या पानांसाठी मी सुरी चालवीन? चोर म्हणाले त्याचं एवढं नाही. हे मला लागलं."

"मास्तरांना मी जाऊन सांगते," मी म्हटलं.

"मास्तरांच्या कानात नाही. शनिवारी संध्याकाळी, माणसं असताना. माझं कार्ड चारचौघांत घेतलं." मग पेन्सिल पुन्हा उचलून, "आणि माफी वगैरे नको. जे झालं ते सांगा. विशेषणं लावू नका."

शनिवारी वाचनालयात दहा-बारा माणसं होती. काका दाराशी उभे होते, आत आले नाहीत. मी मास्तरांच्या टेबलासमोर गेले आणि सांगायला लागले, पण पलीकडे गिरणी चालू होती आणि मास्तर कानाला हात लावून "अं?" म्हणाले. मी आवाज चढवून पुन्हा सुरुवात केली. भिंतीवरून गिरणीवाल्याने डोकावून पाहिलं आणि त्याला ते ऐकण्यासारखं वाटलं असावं, कारण त्याने गिरणी बंद केली. त्यामुळे उरलेलं मला अगदी शांततेत सांगावं लागलं. पानं मी फाडली. नऊ वर्षं. गोष्टींसाठी, मागे राशी असत त्याला माझा इलाज नव्हता. काकांनी एकही पान फाडलेलं नाही. त्यांचं कार्ड घेतलं तेव्हा मी मागे उभी होते.

मास्तरांनी सभासदांचं रजिस्टर उघडलं. "सभासद क्रमांक?" त्यांनी विचारलं. तो त्यांना पाठ होता. मी सांगितला. त्यांनी माझं कार्ड मागून घेतलं, त्यावर 'रद्द'चा शिक्का मारला, आणि शाई नीट उठली नाही म्हणून पुन्हा मारला. मग खालच्या खणातून काकांचं कार्ड काढलं. फेकलं नव्हतं, दोऱ्यात बांधून ठेवलं होतं. ते घेऊन मास्तर उठले आणि दारापर्यंत गेले.

"चूक झाली आमची," ते म्हणाले.

"झाली," काका म्हणाले आणि कार्ड घेतलं.

रांगेतली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हणजे माझी कर्क हिने नेली होती." ते मला ऐकू आलं, कारण गिरणी अजून बंदच होती.

पुढचे काही महिने मार्केटमध्ये लोक माझ्याशी जरा जास्तच सभ्यपणे बोलत. सेक्रेटरी सोसायटीचे कागद माझ्याकडे वाचायला देत, ते देईनासे झाले. मला वाईट वाटलं, पण त्यात सुटका नव्हती असं म्हणता येणार नाही. ते कागद फार कंटाळवाणे असत.

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. दीडशे पानांचं, मुखपृष्ठावर प्रकाशकाच्या हौसेचं एक रॉकेट. एकाही गोष्टीत रॉकेट नाही. ऋणनिर्देशात 'एका वाचकाने जपून ठेवलेल्या पानांमुळे' असं होतं. 'जपून ठेवलेल्या'ऐवजी 'फाडलेल्या' घाला असं मी काकूंना सुचवलं होतं, त्यांना ते पसंतही होतं. पण प्रकाशक म्हणाले, ग्रंथालयं विकत घेणार नाहीत. प्रकाशन झालं, शाली झाल्या. मी गेले नाही. बँकेतून येताना दुकानातून एक प्रत घेतली, आणि दुकानदाराने दिलेली पावती का कोण जाणे पुस्तकातच ठेवली.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, रविवारी सकाळी, काका आमच्याकडे आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. हातात पुस्तकाची वाचनालयातली प्रत, खाकी कव्हर घातलेली, मध्ये बसच्या तिकिटाची खूण. बसा म्हटल्यावर बसले. चहा म्हटल्यावर हो म्हणाले.

"यातली खाडीवरची गोष्ट," त्यांनी खुणेवर पुस्तक उघडलं. "पाण्याबरोबर ते यान आत येतं ती. वाचलीत ना?"

वाचलीत ना, हे त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

"तिथी दिलीय वद्य अष्टमी. संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. बरोबर आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आठाची पाऊणपट सहा. आम्ही गोदीत हेच करायचो. या माणसाने विचारून लिहिलंय. पण पुढे बघा." बोट ओळीवर ठेवून त्यांनी वाचलं, की यान जेट्टीला लागतं तेव्हा चंद्र अगदी डोक्यावर असतो आणि त्या उजेडात चिखल चमकतो. "वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवतच नाही. संध्याकाळी डोक्यावर येईल कुठून? शुद्ध अष्टमी हवी. बाकी एक अक्षर हलवायला नको. भरती तीच राहते, चंद्रही येतो."

मी ती गोष्ट किती वेळा वाचली होती ते सांगण्यात अर्थ नव्हता. मला चंद्र दिसला होता, तिथी दिसली नव्हती.

"दोनदा वाचली मी," काका म्हणाले. "आधी वाटलं मुद्दाम केलंय. म्हणजे परग्रहाची गोष्ट आहे, असेल काही. पण नाही, चूकच आहे. एका शब्दाची. सांगितलं असतं तर त्यांनी लगेच सुधारली असती. असा माणूस चुकीवर भांडत नाही, तो उलट बसवून घेतो आणि आणखी विचारतो." ते पुस्तकाकडे बघत राहिले. "राहत होते कुठे ते?"

मी गॅलरीतून समोरची इमारत दाखवली. दुसरा मजला, डावीकडची खिडकी. काकांनी मान पुढे काढून पाहिलं.

"एवढ्यावर?" ते म्हणाले.

मग त्यांनी माझी प्रत मागितली. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणं बरं नाही, म्हणाले. मी कपाटातून काढून दिली. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून टोक बघितलं, 'वद्य'वर बारीक रेघ मारली आणि वर, गोदीच्या वह्यांत लिहीत असतील तशा सरळ अक्षरात, 'शुद्ध' असं लिहिलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून बघत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पुस्तक थोडं लांब धरलं आणि ती ओळ सुरुवातीपासून पुन्हा एकदा वाचली, मोठ्याने.

मी बिस्किटं आणते असं सांगून आत गेले आणि बराच वेळ डबा शोधत राहिले. डबा समोरच होता.